सैल राहायला शिकलेला पट्टा

पियानो वळणावर आपोआप वाजतो.

ताडपत्रीला टिचकी मारली की पत्र्यासारखा आवाज यायला हवा.

माणूस झोपला की जड होतो. वजनकाट्याला ते कळत नाही, पट्ट्याला कळते.

बावीस नंबरची सुई.

झाडाच्या खोडावर जुन्या दोरीचा वळ. झाड मोठे झाले तसा वळही मोठा झाला.

अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट.

मित्रांनो, गोंधळू नका. मी एक जुना पट्टा आहे, आणि वरची सगळी वाक्ये माझ्याच आयुष्यातली आहेत. माझ्या अंगावर इतक्या घड्या पडल्या आहेत की सरळ उलगडायला गेलो तरी मधलेच काहीतरी आधी बाहेर येते. तरी प्रयत्न करतो. तुम्ही फक्त एक टोक धरून बसा.

पहिले टोक

माझा जन्म एका अरुंद मागावर झाला. शेकडो धागे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले आणि त्यांचा मी झालो. तीन बोटे रुंद, नऊ मीटर लांब. कारखान्यातल्या माणसाने मला यंत्रात घालून दोन्हीकडून ओढले. मी तुटलो नाही. त्याने माझ्या टोकाला एक चिठ्ठी शिवली आणि पुढच्या पट्ट्याकडे वळला. माझे शिक्षण तेवढेच. ओढले तर तुटायचे नाही.

मग मी एका ट्रकवर आलो. तिथे माझी रॅचेटशी जोडी जमली. रॅचेट म्हणजे लोखंडी दातांची एक पेटी. तिचा दांडा मागेपुढे केला की ती एकेक दात धरून पट्ट्याला ओढत नेते. तिला पुढे जाता येत असे, थोडेसे मागे येणे मात्र तिला ठाऊकच नव्हते. सोडले तर एकदम सगळेच सोडायचे, नाहीतर धरून बसायचे. अशा जोडीदाराबरोबर राहून माझाही स्वभाव तसाच झाला.

आमचा ट्रक चालवणारे गृहस्थ मोठे शांत होते. सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत. माल चढवून झाला की ते मला आवळत, दोनदा हिसका देऊन पाहत आणि म्हणत, "हलत नाही आता." ते ऐकले की मला बरे वाटे. मी लाद्या बांधल्या, कपाटे बांधली, काचा बांधल्या. एकदा एक पियानो बांधला. घाटातल्या वळणावर त्याचा आतल्या आत एक सूर वाजला आणि ड्रायव्हरकाकांनी गाडी बाजूला घेतली. खाली उतरून त्यांनी मला चाचपले. पियानो बोटभरही सरकला नव्हता. तो नुसताच वाजला होता. काकांनी माझ्यावर थाप मारली. "शाबास रे," ते म्हणाले. आयुष्यात एवढी एकच शाबासकी मिळाली, पण ती मी नऊच्या नऊ मीटर जपून ठेवली.

परतीच्या खेपेला ट्रक रिकामा असे आणि मला सुट्टी मिळे. वाटेत एक तळे होते. काका तिथे थांबत, एक जुनी कापडी झोळी काढत आणि ट्रकची कडी ते झाड अशी सुती दोरीने टांगून झोपत. ती कशी टांगत ते मला कधी दिसले नाही, कारण मी सीटखाली वेटोळे करून पडलेलो असे. मला फक्त घोरणे ऐकू येई. ट्रक बंद केल्यावरही इंजिन चालूच आहे, असे वाटे.

ताणकाकू

ड्रायव्हरकाकांच्या घराखालीच त्यांच्या बायकोचे दुकान होते. ती ताडपत्र्या शिवत असे. ट्रकवरची आच्छादने, दुकानांपुढची छपरे, तंबू, पडदे. जाड कापडाची मशीन, तिला बावीस नंबरची सुई. शिवून झालेली ताडपत्री काकू स्वतः चार खांबांना ताणून बांधी आणि मधोमध टिचकी मारी. आवाज आला नाही तर पुन्हा उसवी.

"सैल ताडपत्री आणि सैल जीभ, दोन्ही घर बुडवतात," असे ती गिऱ्हाइकांना ऐकवी. कापडाला झोळ पडला की त्यात पाणी साचते, साचले की फाटते, फाटले की खालचा माल भिजतो. म्हणून सगळे ताठ. तिच्या घरातल्या चादरी ताठ, केस ताठ, वाळत घातलेल्या कपड्यांची दोरीसुद्धा ताठ. ट्रकवाल्यांनी तिचे नाव ताणकाकू ठेवले होते. तिला ते माहीत होते आणि मनातून आवडतही होते.

मग काकांचे गुडघे गेले, नजर मंदावली आणि ट्रक विकला गेला. मी दुकानातल्या पत्र्याच्या पेटीत येऊन पडलो. जुनी बक्कले, तुटक्या कड्या, कापडाचे तुकडे यांच्यात पाच वर्षे काढली. कोणी मला वाईट वागवले नाही. कोणी मला वागवलेच नाही. मित्रांनो, पट्ट्याच्या आयुष्यात दोन्ही सारखेच असते.

पेटी दाराजवळ होती आणि काकांची खुर्चीही दाराजवळ होती. त्यामुळे मला सगळे ऐकू येई. चाळीस वर्षे घराबाहेर राहिलेला हा माणूस आता उंबरठ्याबाहेर पडायला तयार नव्हता. पलंगावर पाठ टेकली की कंबर दुखे, म्हणून तो खुर्चीतच बसल्या बसल्या झोपे. झोप कसली, डुलक्याच. डोळा लागला की मान पडे, मान पडली की जाग येई.

एक दिवस सुईत दोरा ओवता ओवता काकू म्हणाली, "मला ते तळं बघायचंय."

"कुठलं?"

"कुठलं काय! चाळीस वर्षं ज्याचं ऐकतेय ते. पाण्यावर पक्षी उतरतात, वारा असा येतो, सावली तशी पडते. ऐकून ऐकून कान किटले. एकदा डोळ्यांनाही दाखवा."

"लेकीबरोबर जा."

"तिनं कुठं पाहिलंय? कुठल्या झाडाखाली थांबायचं ते तुम्हालाच ठाऊक."

काकांनी गुडघ्यांवरून हात फिरवला. "जमिनीवर बसलो तर उठायला क्रेन लागेल मला. आणि तिथं जाऊनही खुर्चीतच डुलक्या काढायच्या, तर इथली खुर्ची काय वाईट आहे?"

काकूची मशीन त्या दिवशी जरा जास्तच जोरात चालली.

टेबलावरचे उमेदवार

त्यांची लेक दातांच्या दवाखान्यात काम करी. आईचे तोंड पाहून तिने ओळखायचे ते ओळखले, आणि पुढच्या आठवड्यात एक मुठीएवढी पिशवी घेऊन आली. पिशवीतून कापड निघाले, निघतच राहिले. हलकी, निळी, माणूसभर लांब झोळी. जंगलात, तळ्याकाठी झाडांना बांधून झोपतात ना, तसली.

"बाबा, आता जमिनीवर बसायचंच नाही. हिच्यात बसायचं, हिच्यात झोपायचं, हिच्यातूनच उठायचं."

काकांनी कापड बोटांत धरून पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काय आले ते मला पेटीतून दिसले नाही, पण खुर्ची करकरली. ते पुढे वाकले होते. "हिच्यात मला अर्धा तास सलग झोप लागली, तर येतो," ते म्हणाले. "नाही लागली, तर पुन्हा मला कुणी कुठं चला म्हणायचं नाही."

"ठरलं," काकू म्हणाली.

तळ्याकाठची जागा आता एक बाई सांभाळत होत्या. लेकीने त्यांना फोन लावला. येता शनिवार शेवटचा, त्यानंतर बांधाच्या दुरुस्तीसाठी तळे वर्षभर बंद. म्हणजे हातात चार दिवस.

"आई, एक सांगायचं राहिलं," लेक म्हणाली. "टांगायचं सामान पिशवीत नाहीये. ते ज्यानंत्यानं आपल्या पसंतीनं घ्यायचं असतं."

"म्हणजे हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हण की! टांगायचं सामान मला दुकानातून आणावं लागलं तर बंद करून टाकीन हे दुकान." आणि काकूने पत्र्याची पेटी टेबलावर उपडी केली.

पाच वर्षांनी मी उजेड पाहिला. माझ्याबरोबर आणखी तिघे टेबलावर आले. साखळी, नायलॉनची बारीक दोरी आणि लवचीक रबरी दोर. मुलाखतीला बसल्यासारखे आम्ही चौघे पडलो होतो.

साखळीला काकूने आधी उचलले, कारण काकूचा विश्वास लोखंडावर. पण लेकीने मधेच हात घातला. "त्या बाई म्हणाल्यात, साखळी आणली तर फाटकातूनच परत पाठवीन. दोरीही नको. झाडाची साल सोलते. पट्टा हवा, निदान दोन बोटं रुंद."

नायलॉनच्या दोरीने हळूच अंग आवरून घेतले.

रबरी दोराने मात्र काकूने झोळी दुकानातल्या दोन खांबांना बांधून पाहिली. काका बसले आणि थेट जमिनीला टेकून पुन्हा वर आले, पुन्हा खाली गेले.

"बाबा, कसं वाटतंय?"

"चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं," खालून वर येता येता काका म्हणाले.

राहिलो मी. रुंद, न ताणणारा, वजन पेलण्याची चिठ्ठी अंगावर असलेला. काकूने मला हातावरून सरकवत नेले. प्रत्येक वीत तपासली, उन्हाने कुठे कडक झालोय का, कडेचा धागा कुठे तुटलाय का. "हा आपला," ती म्हणाली. मित्रांनो, पियानोनंतर एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

आणि मग आमच्या हातून जी चूक झाली ती ताडपत्री शिवणाऱ्या बाईच्या आणि माल बांधणाऱ्या पट्ट्याच्याच हातून होऊ शकते.

काकूने एका खांबाशी झोळीचे टोक घट्ट बांधले. दुसऱ्या खांबाशी मी आणि रॅचेट. आणि काकू दांडा मारू लागली. कट, कट, कट. झोळीचे पोट आत गेले. कट, कट. झोळी सपाट झाली.

"अगं, सोड जरा," काका म्हणाले.

"सैल सोडलेला माल तुम्हीच सांडला होतात ना त्या पुलावर? बटाटे पार नदीपर्यंत गेले होते."

बांधण्याच्या बाबतीत दुकानात काकूचे राज्य होते.

"आई, दात काढतानासुद्धा एवढं ओढत नाहीत," लेक म्हणाली.

कट. काकूने झोळीला टिचकी मारली. आवाज आला. तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. माझ्याही. आम्हा दोघांना जगात एकच चांगली गोष्ट माहीत होती, आणि ती आम्ही जीव ओतून केली होती.

काका बसले. माझ्यावर एक नव्हे, पाच ड्रायव्हर एकदम बसल्यासारखे झाले. घट्ट आडवा ताणलेला पट्टा वजन पेलत नाही, त्याच्याशी भांडतो, हे मला त्या क्षणी कळले. खांबाचा हूक कण्हला. काकांनी पाय वर घेतले, आणि त्या ताठ कापडाला मधे खळगाच नव्हता, धरायला कुशीच नव्हती. कापड फिरले. फिरकीसारखे फिरले आणि काकांना पलीकडे ओतून पुन्हा सपाट होऊन उभे राहिले.

पलीकडे घडी केलेल्या ताडपत्र्यांचा ढीग होता म्हणून बरे. लागले काही नाही. पण काका उठले, अंग झटकले आणि खुर्चीत जाऊन बसले.

"शनिवारी तुम्ही दोघी जा," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर काकूला बरे वाटले असते.

दोन दिवस

मशीन बंद.

काकू खांबापाशी. रॅचेट उघडते, मी एकदम गळून पडतो. पुन्हा आवळते. पुन्हा सोडते. मधले काही जमत नाही.

खुर्ची करकरत नाही.

लेकीचा फोन. "हो गं, बघते. बघते म्हटलं ना."

टेबलावर कात्री, खडू, मी.

गुरुवार संपतो.

शुक्रवारची सकाळ

"अहो."

"हं."

"तळ्यावर तुम्ही झोळी कशी बांधायचात?"

काकांनी मान वर केली. "कशाला?"

"विचारते म्हणून."

"चाळीस वर्षांत नाही विचारलंस."

"चाळीस वर्षं हाताशी काम होतं. आता विचारते. सांगायचं तर सांगा, नाहीतर ही सुई तरी ओवून द्या."

काका खुर्चीतून उठले. पेटीच्या कडेचा आधार घेत टेबलापाशी आले आणि त्यांनी उजवा हात पुढे केला. शेजारचे बोट आडवे, अंगठा उभा.

"हे बघ. बोटाच्या टोकापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत मनातल्या मनात एक रेघ ओढ. दोरी झाडावरून अशी तिरपी उतरली पाहिजे. यापेक्षा आडवी झाली तर झोळी उलटते. यापेक्षा उभी झाली तर माणूस पिशवीतल्या कांद्यासारखा गोळा होतो."

काकूने स्वतःचा हात तसा धरला. एक डोळा मिटून खांबाकडे पाहिले. "एवढं सैल?"

"एवढं."

"माल सांडेल की."

"अगं, मी माल नाहीये."

काकू अंगठा आणि बोट तसेच धरून उभी राहिली. मग तिने हात खाली घेतला आणि हळू आवाजात विचारले, "हे तुम्ही त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"'सोड जरा' म्हणालो होतो."

"एकदाच म्हणालात."

"दुसऱ्यांदा म्हणायच्या आत बटाटे आले."

काकू हसली. आधी नाकातल्या नाकात, मग चांगलीच. काका हसले नाहीत, पण खुर्चीकडे परत न जाता टेबलाजवळचे स्टूल ओढून बसले. मित्रांनो, पाच वर्षांत ते त्या खुर्चीपासून एवढे लांब आपण होऊन पहिल्यांदाच बसले होते.

मग दोघांचे बोलणे सुरू झाले, आणि असे बोलणे मी त्या घरात कधी ऐकले नव्हते. रॅचेट नकोच, काकू म्हणाली, सैल कशाशी खातात ते तिला माहीत नाही. मग दोरीसारखी गाठ मारावी का? काकांनी आपली बोटे दाखवली. पूर्वी चांगला उतार मिळेपर्यंत ते तीनतीनदा गाठ सोडून बांधत. आता बोटे तेवढी वळत नव्हती.

"मग गाठच नको," काकू म्हणाली. "याचे दोन भाग करते. दोन झाडांना दोन. आणि प्रत्येकावर एकेका वितीवर एकेक घर शिवते, कडी अडकवायला. सैल हवं तर पुढच्या घरात, ताठ हवं तर मागच्या. हलवायची फक्त कडी."

"तुटणार नाही ना टाका?"

"टाका माझा आहे," काकू म्हणाली. तेवढ्यावर प्रश्न मिटला.

मी मात्र ऐकून थिजलो. दोन भाग! मी सारे आयुष्य एकसंध राहण्यात घालवले होते. काकूने सुरी तापवली. कात्रीने कापले तर धागे सुटतात, तापल्या सुरीने टोके जागच्या जागी मिटतात. मला मधोमध खडूची रेघ आली. काकांनी एक बाजू धरली, काकूने दुसरी.

थोडासा धूर झाला.

इथून पुढे आम्ही दोघे

मित्रांनो, इथून पुढची गोष्ट एकट्याने सांगता येत नाही. शनिवारी आम्ही तळ्याकाठच्या दोन झाडांना होतो.

*डोक्याकडचा मी:* मला आधी बांधले, हे नोंदवून ठेवा.

*पायाकडचा मी:* मला नीट बांधले, हे नोंदवून ठेवा.

*डोक्याकडचा:* फाटकात त्या बाई भेटल्या. उंच, उन्हाने रापलेल्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी काकूच्या हातातून मला घेतले, तीन बोटे माझ्यावर आडवी ठेवली आणि मान हलवली. मग एका झाडापाशी नेऊन खोडावरचा खोल वळ दाखवला. "बारीक दोरीनं झालाय. बांधणारा एक दुपार झोपून गेला. झाड अजून सोसतंय."

काका खोडाजवळ गेले. वळावरून त्यांनी बोट फिरवले. "हे माझंच," ते म्हणाले. "या बाजूला ट्रक लावायचो."

बाईंनी काकांकडे नीट पाहिले. "सुती दोरी होती," काका पुन्हा म्हणाले. "वाटलं नव्हतं."

"कुणालाच वाटत नाही," बाई म्हणाल्या, पण जरा मऊ आवाजात. "आज पट्टा आणलात ना. दुसऱ्या झाडांना बांधा, याला सुट्टी द्या."

*पायाकडचा:* शेजारची दोन झाडे निवडली. मधे सहा पावले. काकूने मला खोडाभोवती एक वेढा दिला आणि माझे टोक माझ्याच शेवटच्या घरातून ओवले. झाडाला मिठी मारणे म्हणजे काय ते मला पहिल्यांदा कळले. लोखंडी हुकाला ऊब नसते.

*डोक्याकडचा:* काकूने कडी आधी दुसऱ्या घरात अडकवली. ताठ. मग ती थांबली. अंगठा आणि बोट वर धरून एक डोळा मिटला. "माल नाही," असे स्वतःशीच पुटपुटली आणि कडी चौथ्या घरात नेली.

*पायाकडचा:* माझ्याकडेही चौथ्यात. पण काका म्हणाले, "पायाकडची बाजू जरा वर घे, नाहीतर झोपेत घसरत खाली जातो माणूस." मग मला खोडावर वीतभर वर सरकवले. म्हणून मी उंच.

*डोक्याकडचा:* उंच, पण पायांशी.

*पायाकडचा:* काकूने खिशातून मोजपट्टी काढली आणि जमिनीपासून झोळीच्या पोटापर्यंत माप घेतले. "बरोब्बर," ती म्हणाली. लेकीने विचारले, काय बरोब्बर? "बाबांच्या खुर्चीएवढी उंची आहे. सकाळी मोजून आलेय. बसतील तसेच उठतील."

*डोक्याकडचा:* काका झोळीकडे पाठ करून उभे राहिले. मागे कापडाला हात लावून पाहिला. लेकीने आधाराला हात दिला, तो त्यांनी घेतला नाही. बसले. झोळीने पोट खाली सोडले आणि त्यांना कुशीत घेतले. मी वाट पाहिली, पाच ड्रायव्हर कधी येतात याची.

*पायाकडचा:* आला एकच.

*डोक्याकडचा:* हो, एकच. पण तो पूर्णच्या पूर्ण माझ्यावर आला.

*पायाकडचा:* माझ्यावरही पूर्णच आला.

*डोक्याकडचा:* असे कसे असेल? माणूस एक, पट्टे दोन. अर्धा तुझा, अर्धा माझा.

*पायाकडचा:* ते मला माहीत नाही. तो उतारच तसा असतो. दोघांनाही आख्खा येतो आणि दोघांनाही झेपतो.

*दोघे:* काकांनी पाय वर घेतले. झोळी हलली, पण फिरली नाही. ते सरळ न झोपता जरा तिरपे झाले, डोके एका कडेला, पाय दुसऱ्या कडेला, आणि कापड त्यांच्या पाठीखाली सपाट झाले. काकू बाजूला हात आवळून उभी होती. ती तळ्याकडे बघतच नव्हती. इतक्या वर्षांनी तळ्याकाठी आली आणि पाण्याकडे तिची पाठ होती. तिचे डोळे कधी माझ्यावर, कधी माझ्यावर.

"अर्धा तास लावू का घड्याळ?" लेकीने विचारले.

उत्तर आले नाही. एक मोजा निघालेला पाय झोळीबाहेर लोंबत होता. मग आम्हा दोघांना एकदमच कळले. काका जड झाले. वजन वाढत नाही झोपेत, पण माणूस स्वतःला धरून ठेवायचे सोडतो, आणि ते सोडलेले सगळे पट्ट्याकडे येते. थोड्याच वेळात इंजिन सुरू झाले.

लेकीने आईकडे पाहिले. काकूने तोंडावर पदर नाही, हात नाही, काहीच घेतले नाही. ती वळली, आणि मग तिने तळे पाहिले.

बराच वेळ पाहिले.

काका दोन तास दहा मिनिटे झोपले. उठले तेव्हा दुपार कलली होती आणि गालावर झोळीची शिवण उमटली होती. ते बसले तसेच उठले. कुणाचा हात लागला नाही.

"ऊठ," ते काकूला म्हणाले. "आता तू."

"मी काय करू तिथं? मला नाही बाई असलं लोंबकळायची सवय."

"पट्टे शिवलेस तू, झोळी बांधलीस तू. एकदा अंग टाकून तर बघ."

*डोक्याकडचा:* काकू झोपली ती फळीसारखी. मान ताठ, मुठी आवळलेल्या. मला तिच्या मानेचा ताण इथपर्यंत जाणवत होता. ओळखीचा ताण. मीही असाच होतो.

*पायाकडचा:* टाचा रोवलेल्या. कापडाला टाचांचे दोन डोंगर.

"तिरपी हो जरा. हां. आता सोड."

"काय सोडू?"

"सगळं."

"सांडीन मी."

"माल आहेस का तू?"

*दोघे:* आधी मुठी सुटल्या. मग टाचा. मान शेवटी. वाऱ्याने झोळी एकदा इकडे गेली, एकदा तिकडे. पाण्यावर काही पक्षी उतरले, काकांनी सांगितले होते अगदी तसेच.

"एवढंच?" बऱ्याच वेळाने झोळीतून आवाज आला.

"एवढंच," काका म्हणाले. लेकीने खाली अंथरलेल्या सतरंजीवर ते नव्हते. त्या वळ असलेल्या झाडाला टेकून उभे होते.

"आणि याचं कौतुक चाळीस वर्षं ऐकवत होतात?"

"हो."

"कमीच सांगितलंत," काकू म्हणाली, आणि जड झाली.

दुसरे टोक

मित्रांनो, आता आमचे वय झाले आहे. पण पेटीत आम्ही नसतो. दाराच्या मागच्या खिळ्याला टांगलेले असतो, म्हणजे निघताना हाताशी लागतो. तळे वर्षभराने पुन्हा उघडले. त्या वर्षभरात काका आणि काकू दुसऱ्या सात जागी जाऊन आले. खुर्ची अजून दाराजवळच आहे. तिच्यावर मांजर झोपते.

तुमच्याकडे असा एखादा पट्टा असेल तर त्याला साध्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. निघण्याआधी त्याचा प्रत्येक टाका बोटाने चाचपा. एक जरी धागा सुटलेला दिसला तरी आम्हाला निवृत्त करा, आम्ही रागावणार नाही. झाडाला बारीक दोरी बांधू नका. तुमची दुपार संपते, झाडाची संपत नाही. आणि कुणाला टांगायचे, बांधायचे, सांभाळायचे असेल, तर आवळण्याआधी त्याला विचारा, तू कसं बांधायचास? अंगठा आणि बोट तुमच्याकडेही आहेतच.

घरापासून त्या तळ्यापर्यंत ट्रकने एक तास चाळीस मिनिटे लागत. काकूला चाळीस वर्षे लागली.